शहराची हद्द आणि गावाचा शब्द

(रायगड किनाऱ्यावरील ग्रामस्थांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा असती तर मंडप अपुरा पडला असता. हद्दवाढीच्या सभेस जो येतो तो एक तर भिऊन येतो, नाही तर गुंठ्याचा भाव विचारण्यास येतो. आम्ही दोघांचीही निराशा करणार आहो. जमिनीचा भाव चढेल की पडेल हे सांगणे हा आमचा धंदा नव्हे. तो करणारे दलाल नाक्यानाक्यावर बसले आहेत. आणि शहर आले की गाव बुडाले, असे रडगाणेही आम्हांस गावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, शहराची हद्द गावावर यावयाची असेल तर आधी शहराची संस्था व गावाची संस्था यांनी एकत्र बसून अटी लिहून काढाव्या, आणि मग नकाशावर रेघ मारावी. आज नेमके याच्या उलट चालते. रेघ आधी, बोलणे मागाहून, आणि भांडण जन्मभर.

तीन निरनिराळ्या गोष्टी

प्रथम घोटाळा दूर करू. आपल्या भागात तीन निरनिराळ्या गोष्टींची लोक एकच गोष्ट समजतात, आणि या अज्ञानावर पुष्कळांची पोटे भरतात.

पहिली गोष्ट भूसंपादनाची. यात सरकार तुमची जमीनच घेते. सात-बारावरील नाव बदलते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या बाजूच्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घेतली गेली. त्या वेळी मोबदल्यासाठी काय झगडावे लागले हे जासईच्या माणसास सांगावयास नको. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली.

दुसरी गोष्ट नियोजन प्राधिकरण बदलण्याची. यात जमीन तुमची राहते, ग्रामपंचायतही राहते. पण कोठे रस्ता, कोठे बाग, कोठे किती मजले, हे ठरविण्याचा व बांधकामास परवानगी देण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो. २०१३ साली विमानतळाभोवतीच्या गावांसाठी 'नैना' क्षेत्र काढून सिडकोस तो अधिकार दिला गेला. २०२४ च्या ऑक्टोबरात उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास असेच नेमले गेले. लोक त्यास तिसरी मुंबई म्हणतात.

तिसरी गोष्ट हद्दवाढीची. यात तुमचा सात-बारा कोणी घेत नाही. ग्रामपंचायत मात्र जाते आणि तिच्या जागी नगरपालिका किंवा महापालिका येते. पंचायतीची मालमत्ता व शिल्लक नव्या संस्थेकडे जमा होते. गावकीच्या कारभाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला जाते.

तेव्हा नोटीस आली म्हणजे आधी एवढेच विचारा: यात जमीन जाते, परवानगीचा अधिकार जातो, की पंचायत जाते? ज्याला हे तीन प्रश्न विचारता येतात त्याला दलाल सहसा फसवीत नाही.

पनवेलचा धडा

आपल्या जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण पनवेलचे. तेथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे फार जुनी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली. रायगड जिल्ह्यातील ही पहिलीच. जुन्या शहराबरोबर खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे अशा सिडकोच्या वसाहती आणि २९ महसुली गावे एका हद्दीत आली. रस्त्यास व गटारास एक धनी मिळेल, ही अपेक्षा वाईट नव्हती. रायगडच्या किनाऱ्यावर वस्ती अशी वाढली आहे की कागदावरील जुन्या हद्दी हास्यास्पद झाल्या आहेत. अलिबागच पाहा. शहर नगरपालिकेच्या हद्दीत मावत नाही. ते चेंढरे, वरसोली, कुरूळ या ग्रामपंचायतींत पसरले आहे. रस्त्याच्या एका बाजूचा कचरा नगरपालिकेचा व दुसऱ्या बाजूचा पंचायतीचा, असे कावळ्यांस कोणी शिकविलेले नाही.

परंतु पनवेलास आधी ठरवून घ्यावयाच्या गोष्टी मागाहून ठरू लागल्या, आणि त्याचा भुर्दंड लोकांस बसला. वसाहतींतील लोक सिडकोस सेवाशुल्क भरीत होते. महापालिकेच्या मालमत्ता कराची बिले पुढे निघाली, ती १ ऑक्टोबर २०१६ पासूनच्या काळाची. लोक म्हणाले, "एकाच झाडलोटीचे पैसे दोघांस का द्यावे?" मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. कोणत्या दिवसापासून कोणती सेवा कोण देणार व तिचे पैसे कोण घेणार, एवढी एक यादी महापालिकेच्या जन्माआधी सह्या करून ठेवली असती, तर हा तंटा उद्भवलाच नसता.

आम्ही शाळामास्तर, तेव्हा शाळेचे बोललो तर राग मानू नये. गावांतील शाळा जिल्हा परिषदेच्या होत्या. गावे महापालिकेत गेली, पण शाळांचे हस्तांतरण कित्येक वर्षे रेंगाळले. अशा वेळी शाळेचे काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. कौले फुटली तर एक म्हणतो, "आता तुम्ही शहरात", आणि दुसरा म्हणतो, "अजून आमच्या ताब्यात नाही." दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण कोणा शाळामास्तरानेच केली असावी. श्रीमंताचे मूल तोवर इंग्रजी शाळेच्या मोटारीत बसून निघून जाते; गळक्या वर्गात बसते ते कुणब्याचे, आगऱ्याचे, कोळ्याचे, कातकऱ्याचे मूल.

गावाचे काय जाते, काय येते

आता जमाखर्च मांडू. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. त्यांतला एखादा तरी आपल्या आळीचा असतो. रात्री त्याचे दार ठोठावता येते. पनवेल महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत, २०१७ साली, पाच लाखांवर लोकसंख्येस ७८ सदस्य होते, आणि एका प्रभागातून तिघे-चौघे निवडावयाचे होते. गावाचे मत प्रभागात मिठासारखे विरघळते. ग्रामसभा, जिच्यात म्हातारीसुद्धा उभी राहून सरपंचास हिशेब विचारू शकते, ती संपते. शहराच्या कायद्यात क्षेत्रसभा आहे, पण ती भरलेली पाहिली असे सांगणारा माणूस आम्हांस अजून भेटावयाचा आहे. शिवाय गाव शहर झाले की ग्रामीण रोजगार हमीसारख्या खेड्यांसाठीच्या योजना त्याच्या दारातून परत फिरतात. शेतात राबणाऱ्या बाईचे काम शहरी झालेले नसते. शहरी झालेला असतो फक्त कागद.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रामपंचायत म्हणजे रामराज्य, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ गावांत पंचायत दोन-चार घरांच्या ओसरीवर चालते. नळाची लाइन पाटलाच्या वाड्यापाशी थांबते, बौद्धवाडी व कातकरवाडी आश्वासनावर तहान भागविते. घरपट्टी बुडविण्यात प्रतिष्ठा मानली जाते आणि मग दिवाबत्तीस पैसा नाही म्हणून सरपंचास शिव्या दिल्या जातात. शहराच्या नळाला जात विचारता येत नाही, हा त्याचा गुण आहे. तेव्हा ज्या दुबळ्या वाडीस शहरात जावेसे वाटते तिला गावद्रोही म्हणण्याचा अधिकार, तिला आजवर पाणी न देणाऱ्या गावकीस नाही.

एकतर्फी रेघेचे फळ

शहर व गाव यांत समजूत नसली म्हणजे काय होते, हे कल्याणच्या २७ गावांनी दाखविले आहे. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात घातली. २००२ साली बाहेर काढली. २०१५ साली पुन्हा आत घेतली. २०२० साली त्यांतील १८ गावे परत बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली; कारण महापालिकेशी कायद्याने सांगितलेला विचारविनिमय नीट झाला नव्हता. गाव म्हणजे काय बाजारातले डुकराचे पिल्लू, की आज या पोत्यात आणि उद्या त्या पोत्यात? या ओढाताणीत तेथील किती रस्ते अर्धवट राहिले असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुण्याकडे फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांची गोष्टही अशीच शिकण्यासारखी. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाचीच्या माथी वर्षानुवर्षे पडला. ही गावे २०१७ साली महापालिकेत घेतली, आणि कर व सोयी यांवरून कुरकुर होऊन २०२४ साली बाहेर काढून त्यांची निराळी नगरपालिका केली. शहराचा कचरा गावात आधी गेला, शहराचा नळ मागाहून निघाला.

पाणी कोणाचे

हीच गोष्ट पाण्याची. शहर गावाकडे जमीन मागते हे दिसते. पाणी मागते हे दिसत नाही, कारण नळ जमिनीखालून जातो. नवी मुंबईची तहान भागविणारे मोरबे धरण आपल्या खालापूर तालुक्यात आहे. जुन्या पनवेलचे देहरंग धरण माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, आदिवासी वाड्यांच्या शेजारी आहे. पेण तालुक्यातील हेटवण्याचे पाणी नव्या शहरांकडे जाते, आणि त्याच पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत आल्या आहेत. शहरास पाणी देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. शहरातील गिरणीत, गोदीत, घराघरांत राबणारे हातही आमच्याच भावंडांचे आहेत. परंतु ज्याच्या उशाशी धरण त्याच्या घशाला कोरड, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? शहर आणि गाव यांनी सहकार्य करावयाचे ते येथपासून. हद्द वाढो अगर न वाढो, नळ ज्या गावातून जातो त्या गावाचा वाटा करारात लिहिला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

कोणी म्हणेल, मास्तर, हे स्वप्न आहे. तर कायदा पाहू. महापालिकेची हद्द बदलण्याचा अखेरचा अधिकार राज्य सरकारचा आहे, हे खरे. पण १९४९ च्या महापालिका कायद्याप्रमाणे सरकारने महापालिकेशी विचारविनिमय केला पाहिजे आणि अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागविल्या पाहिजेत. ग्रामपंचायत कायद्याच्या ४ थ्या कलमात गावाची हद्द बदलताना संबंधित पंचायतीचे म्हणणे घेण्याचे सांगितले आहे. नव्याने आत आलेल्या भागावर मालमत्ता कर एकदम न लादता टप्प्याटप्प्याने चढविण्याचीही तरतूद आहे. आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली. तिच्यात चार पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावयाचे, आणि तिने दोघांच्या समाईक हिताचे प्रश्न, जागेचे नियोजन, पाण्याची वाटणी, यांचा विचार करावयाचा, असे घटनेत स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली कायदाही केला. म्हणजे शहर व गाव यांनी एका चटईवर बसावे म्हणून बाबासाहेबांच्या घटनेत चटई घातलेली आहे. तिच्यावर बसून आज बहुतेक निधीचे वाटप तेवढे होते.

परदेशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शहरे शेजारच्या टाउनशिपची, म्हणजे आपल्याकडील पंचायतीसारख्या संस्थेची, जमीन ओढून घेत आणि दोघे कोर्टात जात. तेव्हा १९८४ साली तेथे कायदा झाला की, शहर व टाउनशिप यांनी लेखी करार करून जमीन ५० वर्षांपर्यंत सशर्त हस्तांतरित करावी. कोणती सेवा कोणी द्यावी, कराचे उत्पन्न कसे वाटावे, मुदत संपल्यावर जमीन कोणाच्या हद्दीत राहावी, हे सारे करारातच लिहावे. आणि त्याआधी लोकांपुढे जाहीर सुनावणी घ्यावी. तेथील माणसे देवमाणसे आहेत म्हणून हे झाले नाही. भांडणापेक्षा करार स्वस्त पडतो, हा व्यापारी हिशेब त्यांनी केला. आपल्याकडे असा कायदा नाही. तो व्हावा अशी मागणी आपण का करू नये?

कागदामागे माणसे हवीत

परंतु नुसता ठराव झाला म्हणजे काम झाले असेही समजू नका. महाड आपल्याच जिल्ह्यातले. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला, आणि पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात निजला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या लोकांवर लाठ्या पडल्या. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाने हक्क मान्य करीपर्यंत १९३७ साल उजाडले. ठरावामागे माणसे उभी असावी लागतात, आणि माणसे उभी राहिली तर दहा वर्षांनी का होईना कागदास जाग येते.

माणसे उभी कशी राहतात, हेही याच किनाऱ्याने दाखविले. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या २५ गावांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. जमिनी ओसाड ठेवल्या, मोळ्या विकून पोट भरले, पण एका गावाने दुसऱ्याची साथ सोडली नाही. एकेकटे गाव असते तर खोताने सहा महिन्यांत वाकविले असते. आज आपली गावे काय करतात? एका गावास वाटते, आपण शहरात गेलो तर भाव येईल, शेजारचे मेले तरी चालेल. शहराशी बोलावयाचे तर आधी गावांनी आपसात बोलले पाहिजे.

आता काय करावे

तेव्हा आमची सूचना अशी. हद्दवाढीची वा नव्या नगरपालिकेची कुणकुण लागताच ग्रामसभा बोलवावी. अधिसूचनेची वाट पाहू नये. शेजारच्या सर्व पंचायतींनी मिळून एकच मागणीपत्र करावे आणि नगरपालिकेच्या सभागृहापुढे ठेवावे. त्यात निदान एवढे असावे:

गावठाण व त्याभोवती गरजेपोटी बांधलेली घरे हद्दीत येण्यापूर्वी मोजून, नकाशावर घेऊन नावानिशी नोंदवावी. ती पाडणार नाही असे लिहून द्यावे.

कर कोणत्या वर्षी किती, हे टप्पे आधी जाहीर करावे, आणि पाणी, गटार व दिवे पोहोचण्याची तारीख त्याच कागदावर असावी. एकाच सेवेसाठी दोन संस्थांनी पैसे घेऊ नयेत.

शाळा, दवाखाना, स्मशान, गुरचरण, होड्या लावण्याची व मासळी सुकविण्याची जागा, कुंभाराच्या व मूर्तिकाराच्या भट्टीची व मांडवाची जागा, यांची यादी करून कोणती कोणाच्या ताब्यात कोणत्या दिवशी जाणार हे ठरवावे. पेण व हमरापूरच्या गणपती-कारखान्यांवर किती घरे चालतात हे शहरी नकाशा काढणारास ठाऊक नसते. त्याच्या लेखी ती 'मोकळी जागा' असते.

कचऱ्याची जागा व पाण्याचा वाटा हद्दीबाहेर राहणाऱ्या गावांशीही करार करूनच ठरवावा.

पंचायतीच्या झाडूवाल्यापासून कारकुनापर्यंत नोकर नव्या संस्थेत कोणत्या पगारावर जाणार, हे लिहावे.

आणि अखेरची गोष्ट. शहराच्या सभागृहात लोकनियुक्त सदस्य नसतील तर हद्दीचा निर्णयच करू नये, अशी मागणी करावी. पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ साली संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक कारभार पाहत होता. गावाने बोलावे कोणाशी? प्रशासक सज्जन असला तरी तो मतदारास बांधलेला नसतो.

हे मागणीपत्र सरकारावर बंधनकारक नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण मुदतीत दाखल केलेली, वीस गावांच्या सह्यांची हरकत आणि नाक्यावरची आरडाओरड यांत फार अंतर आहे. पहिली कोर्टात वाचली जाते, दुसरी वाऱ्यावर जाते.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा बेत निघाला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे होते. माळ्याचा मुलगा शहराच्या कारभारात गेला तो तेथे मिरविण्यास गेला नाही. शहराच्या तिजोरीत गरिबाचा हिस्सा विचारण्यास गेला. विमानतळ आला, समुद्रावरून अटल सेतू आला, शहर तर आपल्या बांधापर्यंत आलेच आहे. ते परतवून लावता येणार नाही आणि त्याच्यापुढे लोटांगणही घालावयाचे नाही. शेजारी घर बांधू लागला म्हणजे शहाणा शेतकरी काय करतो? तो काठी घेऊन धावत नाही, की घरात दडूनही बसत नाही. तो पंच बोलावितो, दोरी धरितो, दगड पुरतो आणि कागदावर अंगठा घेतो.

तेवढेच आपण करावयाचे आहे. पुढल्या ग्रामसभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि येताना घरातील बायांस घेऊन या. पाण्याचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा बरा समजतो.